वरून आलंय, फक्त सही करा

जानेवारी २०१८. मुंबईच्या फोर्ट भागात ब्रॅडी हाउसमध्ये पंजाब नॅशनल बँकेची शाखा होती. हिऱ्यांच्या व्यापारातल्या काही कंपन्यांची माणसे तिथे हमीपत्र मागायला आली. परदेशी पुरवठादाराचे पैसे भागवण्यासाठी दुसऱ्या भारतीय बँकेच्या परदेशातल्या शाखेतून कर्ज उचलायचे आणि त्याला या बँकेने हमी द्यायची, अशी ही तेव्हाची सोय. बँकेच्या बोलीत ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’. खुर्चीवरचा अधिकारी नवा होता. त्याने नियमाप्रमाणे सांगितले, पूर्ण रकमेइतकी रोख आधी तारण ठेवा. समोरचे म्हणाले, आजवर तर आम्हाला असे काही न ठेवताच हमी मिळत आली आहे. जुन्या नोंदी काढल्या, तर बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्या व्यवहारांचा पत्ताच नव्हता. फेब्रुवारीत बँकेने शेअर बाजाराला घोटाळ्याचा आकडा कळवला, तो ११,४०० कोटी रुपयांच्या घरात होता. पुढे तो १३,००० कोटींवर गेला.

या प्रकरणात हिरे व्यापारी नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी ही नावे गाजली. व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांनी मात्र त्या नव्या अधिकाऱ्याकडे पाहावे. त्याने काही धाडस केले नाही, कुणाशी वैर घेतले नाही. अर्जासोबत जे लागते ते मागितले, इतकेच. हमीचे संदेश ‘स्विफ्ट’ या यंत्रणेवरून परदेशी जात आणि ती यंत्रणा त्या काळी बँकेच्या मुख्य प्रणालीला जोडलेली नव्हती. त्यामुळे संदेश गेला तरी खात्यात काही उमटायचे नाही. हा दोष तांत्रिक खराच. पण हे संदेश पाठवणाऱ्या एका उपव्यवस्थापकाला एकाच खुर्चीत वर्षानुवर्षे राहू देणे आणि रोज गेलेल्या संदेशांचा नोंदींशी ताळा न घालणे, ही माणसांची हयगय होती. तो उपव्यवस्थापक मे २०१७ मध्ये निवृत्त झाला, म्हणून नवा माणूस आला. आणि नवा माणूस आला म्हणून प्रश्न विचारला गेला.

संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांसाठी नियम आहे. लहान उद्योगांत याच्या नेमके उलटे चालते. ‘आमच्या अकाउंटंटने बारा वर्षांत एक रजा घेतली नाही’ असे मालक अभिमानाने सांगतो, दिवाळीला त्याचा सत्कार करतो. तो माणूस सज्जन असेलही. पण त्याला पंधरा दिवस गावी पाठवून त्याच्या जागी दुसऱ्याला बसवले, तर सज्जनाचे काही बिघडत नाही आणि मालकाला आपली पुस्तके एकदा दुसऱ्याच्या नजरेने दिसतात.

व्यवसायनीती म्हटले की लोकांना आठवते ती स्वागतकक्षातली मूल्यांची पाटी, वार्षिक सभेतले भाषण, फार तर ते ऑनलाइन प्रशिक्षण, ज्याची प्रश्नावली सगळे जण जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना विचारून भरतात. कंपनीची खरी नीती ठरते ती मधल्या फळीत. खरेदी व्यवस्थापक, शाखाधिकारी, उत्पादनप्रमुख, मनुष्यबळ अधिकारी यांच्या टेबलावर. मालक स्वतः बसून खोटे व्हाउचर लिहीत नाही. ते कुणाकडून तरी लिहून घ्यावे लागते, आणि तो ‘कुणी तरी’ पगारदार असतो. भोपाळ वायू दुर्घटनेच्या खटल्यात ७ जून २०१० रोजी सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. हजारो मृत्यूंपुढे ती शिक्षा थट्टाच होती. तरी त्या सातांत कोण होते ते पाहण्याजोगे आहे : कंपनीच्या अध्यक्षापासून थेट कारखान्यातल्या उत्पादन व्यवस्थापकापर्यंत. वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा दुर्घटनेआधी कित्येक महिने बंद ठेवलेली होती, आणि ती बंद आहे हे रोज पाहणारी माणसे कारखान्यातच होती.

तेव्हा सुरुवात सहीपासून करावी. मार्चअखेरची संध्याकाळ असते. सहायक फायलींचा गठ्ठा घेऊन येतो, जिथे सही हवी तिथे पेन्सिलने बारीक फुली मारलेली असते. ‘साहेब, इथे, इथे आणि मागच्या पानावर.’ खालच्याने तपासले असेल म्हणून वरचा सही करतो, आणि वरचे बघतीलच म्हणून खालचा. दोघांच्या मध्ये कागद कुणीच वाचलेला नसतो. आपली सही नेमके काय सांगते, हे व्यवस्थापकाने आधी स्वतःशी स्पष्ट करावे. माल आला, असे? आलेला माल मोजला, असे? की दर रास्त आहे, असेही? जेवढे तपासले तेवढेच सहीशेजारी लिहावे : ‘फक्त संख्या तपासली’, खाली त्या दिवसाची तारीख. मागची तारीख घालण्याचा आग्रह झाला, तर तिथेच थांबावे. कोऱ्या व्हाउचरवर, कोऱ्या चेकवर, कोऱ्या हजेरीपत्रकावर सही करू नये, मग साहेब परदेशी निघालेले असोत की विमानात बसलेले. आणि हल्ली सहीपेक्षा पासवर्ड जास्त चालतो. तो सहायकाला सांगून ठेवला, म्हणजे त्याने आपल्या नावाने जे केले ते आपणच केले, असे चौकशीत धरले जाते.

सही नाकारण्याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री ‘चॅलेंजर’ यान फ्लोरिडात उड्डाणासाठी उभे होते. त्याचे बूस्टर रॉकेट मॉर्टन थायोकोल या कंपनीने बनवले होते. कंपनीच्या इंजिनिअरांचे म्हणणे असे, की एवढ्या कडाक्याच्या थंडीत बूस्टरच्या जोडांमधली रबरी कडी ताठरते, उड्डाण पुढे ढकला. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. फोनवरची बैठक मध्येच थांबवून कंपनीची माणसे आपापसात बोलली. तेव्हा एका वरिष्ठाने अभियांत्रिकीच्या उपाध्यक्षाला सुनावले, आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. उपाध्यक्षाने मत फिरवले. उड्डाणाला हरकत नसल्याचे लिहून द्यायची वेळ आली, तेव्हा फ्लोरिडात हजर असलेल्या कंपनीच्या ॲलन मॅकडॉनल्ड यांनी सही करायला साफ नकार दिला. मग युटामधल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने सही करून कागद फॅक्सने पाठवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले. सातही अंतराळवीर गेले.

मॅकडॉनल्ड यांच्या नकाराने उड्डाण थांबले नाही, हे मान्य करायला हवे. चौकशी आयोगापुढे त्यांनी घडले ते सांगितले, त्यावर कंपनीने त्यांना बाजूला सारले, आणि अमेरिकी काँग्रेसमधून दडपण आल्यावर बूस्टरची नवी रचना करण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले. पण त्या रात्रीच्या बैठकीतली आणखी एक गोष्ट आपल्या कारखान्यांत रोज घडते. एरवी ‘उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवा’ असा रिवाज. त्या रात्री इंजिनिअरांना विचारले गेले, ‘धोका आहे हे सिद्ध करा.’ चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत महिनाअखेरीला गुणवत्ता विभागाची अशीच कोंडी होते. गाडी भरून उभी आहे, लॉटमध्ये दोन-चार पीस टॉलरन्सबाहेर आहेत, आणि उत्पादनप्रमुख विचारतो, ‘याने काय बिघडणार आहे ते सांग.’ चांगल्या व्यवस्थापकाने हा प्रश्न उलटा करावा. ‘थांबा’ म्हणणाऱ्याकडे पुरावा मागू नये. ‘जाऊ द्या’ म्हणणाऱ्याने तो आणावा आणि लेखी आणावा. लेखी म्हटल्यावर निम्मे आग्रह जागीच विरतात, हा अनुभव कोणत्याही गुणवत्ता निरीक्षकाला विचारून पाहावा.

दबाव नेहमी असा आरडाओरडा करून येत नाही. पुष्कळदा तो टार्गेटच्या रूपात येतो, आणि ते टार्गेट देणारा स्वतःला निर्दोष समजतो. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने ठरवले होते की प्रत्येक ग्राहकाकडे बँकेच्या आठ सेवा असाव्यात. खाते, डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड, कर्ज, असे करत आठ. शाखांमधून रोजचा हिशेब मागितला जायचा. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, आणि तोवरच्या पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे समोर आले. संशयास्पद खाती पुढे ३५ लाखांपर्यंत मोजली गेली. एवढ्या माणसांना एकाच वेळी अप्रामाणिकपणाची साथ लागत नाही. टार्गेटच असे होते की सरळ मार्गाने ते गाठता येत नव्हते. बँकेचे प्रमुख जॉन स्टम्फ यांना महिनाभरात पद सोडावे लागले आणि २०२० मध्ये १.७५ कोटी डॉलरचा दंड स्वतःच्या खिशातून भरायचे त्यांनी मान्य केले.

आपल्याकडे मुदत ठेव करायला गेलेला निवृत्त मास्तर विम्याची पॉलिसी घेऊन घरी येतो. त्यामागेही कुठल्या तरी शाखाधिकाऱ्याच्या भिंतीवरचा तक्ता असतो. वरून आलेले टार्गेट शाखाधिकाऱ्याला बदलता येत नाही, हे कबूल. पण ते खाली वाटताना त्याला पुष्कळ काही करता येते. रोज किती ग्राहक येतात, त्यातल्या किती जणांना ही वस्तू खरोखर उपयोगी आहे, हे कागदावर मांडून वर पाठवता येते. महिन्याचा ‘स्टार परफॉर्मर’ ठरवण्याआधी त्याच्या पाच ग्राहकांना स्वतः फोन करून ‘तुम्ही काय घेतलंत?’ एवढे विचारता येते. ग्राहकाला सांगता आले नाही, तर हार दुसऱ्याच्या गळ्यात घालावा. आणि टार्गेट चुकलेल्या पोराला सकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभे करून झापणे बंद करावे. पुढच्या महिन्यात तो कुठून आकडा आणेल, याची जबाबदारी झापणाऱ्यावर येते.

खरेदी विभागाची तऱ्हा निराळी. तिथे नियम असतो तीन कोटेशनचा, आणि तो पाळलाही जातो. तिन्ही कोटेशने फायलीत असतात. निरखून पाहावे तर तिघांच्या लेटरहेडची अक्षरे सारखी, तिघांनी ‘मटेरियल’चे स्पेलिंग सारखेच चुकवलेले, दोघांचा मोबाइल नंबर एकच. पुरवठादारानेच तिन्ही आणून दिलेली असतात. असली फाइल मंजूर करणाऱ्याला ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही, कारण ते दिसायला डोळ्यांपलीकडे काही लागत नव्हते. कधी तरी एखाद्या कोटेशनवरच्या नंबरला आपण होऊन फोन लावावा. दर तीन वर्षांनी पुरवठादार सांभाळणारा माणूस बदलावा. दिवाळीच्या भेटींचा प्रश्न तर दरवर्षीचा. मिठाईचा पुडा आणि चांदीचे नाणे यांत रेघ कुठे मारायची, यावर वाद घालण्यापेक्षा आलेली प्रत्येक भेट कार्यालयात जमा करून सगळ्यांत वाटण्याची पद्धत बरी. घरच्या पत्त्यावर काही पाठवू नये, असे पुरवठादारांना सप्टेंबरमध्येच लेखी कळवावे. यात कुणाचा अपमान होत नाही; उलट पुरवठादाराचा खर्च वाचतो.

सरकारी कचेरीतल्या ‘चहापाण्या’बद्दल एक कायदेशीर गोष्ट व्यवस्थापकांना सहसा माहीत नसते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. शिक्षा सात वर्षांपर्यंत. नाइलाजाने द्यावी लागली असेल, तर देणाऱ्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले पाहिजे, तरच त्याला संरक्षण मिळते. कंपनीच्या फायद्यासाठी कुणी लाच दिली, मग तो एजंट का असेना, तर कंपनीला दंड होऊ शकतो. ज्या व्यवस्थापकाच्या संमतीने किंवा डोळेझाक करण्याने ते घडले, त्याला किमान तीन वर्षे आत जावे लागते. म्हणून ‘लायझनिंग’च्या नावाखाली येणारी मोघम बिले पास करताना कामाचा तपशील मागावा. ‘विविध शासकीय कामे’ हा तपशील होत नाही. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. तो कारखान्याच्या गेटपेक्षा लेखा विभागात लावलेला जास्त उपयोगी.

एक अन्याय मात्र असा, की तो कुणाला अन्याय वाटतच नाही. लहान पुरवठादाराचे पैसे थकवणे. मोठ्या कंपनीचा वित्त व्यवस्थापक नव्वद दिवस, एकशेवीस दिवस बिल लांबवतो आणि ‘वर्किंग कॅपिटल वाचवले’ म्हणून त्याची पाठ थोपटली जाते. ते भांडवल वाचलेले नसते; एखाद्या वर्कशॉपवाल्याने बायकोचे दागिने गहाण ठेवून ते उभे केलेले असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून, मुदत टळून गेली की ते बिल प्रत्यक्ष भागवेपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही. कायदा इतका कडक असूनही लहान उद्योजक तक्रार करायला कचरतो, कारण पुढची ऑर्डर जाईल. त्याची ती भीती ओळखून त्यावर आपला हिशेब जमवणारा व्यवस्थापक कारवाईतून सुटला, तरी सभ्य म्हणवून घेऊ शकत नाही. महिन्यातून एकदा थकलेल्या बिलांची यादी काढावी आणि सर्वांत लहान रकमेपासून चेक काढायला सुरुवात करावी.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर जीवच पणाला लागतो. कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवल्याच्या आणि तो गुदमरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही मरतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय अशी साफसफाई करून घेण्यावर बंदी आहे, आणि गटारात किंवा टाकीत मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. ‘तो आमचा माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. टाकी कुणाची होती, उतरायला कुणी सांगितले, आत जाण्याआधी वायू कुणी मोजला, हे प्रश्न व्यवस्थापकालाच विचारले जातात. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर तीही मूळ मालकालाच भरावी लागते. स्वस्तातला ठेका निवडताना एक साधे गणित करावे : माणसांची संख्या गुणिले किमान वेतन, अधिक भविष्य निर्वाह निधी आणि विमा. ठेक्याची रक्कम याहून कमी भरली, तर फरक कुणाच्या ताटातून कापला जाणार आहे ते उघड आहे.

हे सगळे करूनही वेळ येते, जेव्हा वरिष्ठ स्पष्ट सांगतो, ‘वरून आलंय, फक्त सही करा.’ अशा वेळी तावातावाने राजीनामा फेकण्याची गरज नसते. घरी कर्जाचे हप्ते असतात, मुलांच्या फिया असतात. ज्यांना ते नाहीत त्यांनीच शौर्याचे सल्ले द्यावेत. आधी वेळ मागावा : ‘उद्या सकाळपर्यंत वाचून देतो.’ तोंडी आदेश आला असेल तर त्याच संध्याकाळी शांत भाषेत मेल करावा : आपण असे सांगितलेत, मला अमुक कलमाबद्दल शंका आहे, कृपया लेखी मार्गदर्शन करावे. आरोप नको, विशेषणे नकोत, तारीख आणि आकडे असावेत. कंपनीची गोपनीय कागदपत्रे मात्र घरी नेऊ नयेत. त्याच मुद्द्यावर पुढे तक्रारदारालाच अडकवले जाते. घटनाक्रमाची स्वतःची टिपणे ठेवावीत आणि वकिलाशी लवकर बोलावे, प्रकरण पेटल्यावर नव्हे.

वरिष्ठाच्या वर कुणाकडे जायचे, हा पुढचा प्रश्न. भांडुपच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे लपवण्यासाठी रिझर्व्ह बँकेला दिलेल्या माहितीत २१ हजारांवर बनावट खाती दाखवली होती. एकूण कर्जाच्या ७० टक्क्यांहून जास्त रक्कम त्या एका समूहाकडे होती. आतल्याच काही कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला कळवले, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि खातेदाराला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. ती पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. ती कर्जे वर्षानुवर्षे पाहणाऱ्यांपैकी कुणी चार-पाच वर्षे आधी बोलले असते, तर शाखांबाहेर रडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची रांग बरीच लहान झाली असती.

तक्रारदाराला संरक्षण देणारा केंद्राचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो लागू झालेला नाही, आणि त्याचा रोख सरकारी कारभारावर आहे. खासगी क्षेत्रात हाताशी आहे तो कंपनी कायदा. शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँका आणि वित्तसंस्थांचे ५० कोटींहून जास्त कर्ज असलेल्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवावी लागते. तक्रार करणाऱ्याचा छळ होणार नाही याची तजवीज तिथे करावी लागते, आणि गरज पडल्यास त्याला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षापर्यंत थेट जाता आले पाहिजे. या व्यवस्थेची माहिती कंपनीने आपल्या संकेतस्थळावर आणि संचालक मंडळाच्या अहवालात देणे बंधनकारक आहे. वाचकांपैकी जे अशा कंपनीत काम करतात त्यांनी ती आजच शोधून वाचावी, आणि आपल्या हाताखालच्या माणसांनाही ती कुठे आहे ते सांगून ठेवावे.